वाफसा

विट्याच्या अलीकडे माळावर
पोल्ट्रीच्या खाद्यखोलीत ती सापडली.
वयाच्या रकान्यात मगदूम डॉक्टरांनी
दात बघून सात लिहिलं, खोडून आठ केलं.
नावाच्या रकान्यात हवालदारानं
आडवी रेघ ओढली.
रेघ तर रेघ, अधीक्षक बाई म्हणाल्या, रेखा म्हणा.
हाक मारली तरी ती वळत नाही.

मिरजेच्या बालगृहात माझी पाळी
संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ.
पहिल्या रात्री मी दिवा मालवला
आणि उजाडेपर्यंत तिनं भिंत खरवडली.
मग ध्यानात आलं,
पिलांच्या शेडमध्ये बल्ब विझवत नाहीत.
आता तिच्या पलंगावर साठचा पिवळा बल्ब जळतो.
असले बल्ब हल्ली मिळत नाहीत,
स्टेशन रोडच्या शफीनं
शेवटचा खोका तिच्यासाठी बाजूला ठेवलाय.

नदाफ मॅडम सोमवारी, गुरुवारी येतात.
आंबा. बोट. घर.
ती चित्राकडं बघत नाही, ओठांकडंही नाही.
बघते मॅडमच्या गळ्याकडं,
आवंढा गिळताना जिथं काहीतरी हलतं तिथं.
जिन्यात मॅडम मला म्हणाल्या,
मावशी, बोलण्यालाही वाफसा असतो.
तो निघून गेल्यावर पेरलं तर
उगवतच नाही असं नाही.
पुढं काही बोलल्या नाहीत. चप्पल शोधत राहिल्या.

माझा बाप हरिपुरात हळदीच्या पेवात उतरायचा.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही.
कोंडलेली हवा जाऊ द्यायची,
मग दोरीला बांधून कंदील सोडायचा,
विझला तर वर बसून तंबाखू मळायची.
वर्षानुवर्षं हळद आत राहते, म्हणायचा,
ना कीड, ना रंग उतरत.
अंधारात काही बिघडत नाही पोरी.

बाप हळदीचं बोलत होता.

मी आपली तिच्याशी बोलते, दोरी सोडावी तशी, थोडंथोडं.
आज आमटी पातळ झाली.
आज नळाला पाणी नाही.
जरा थांबते. अजून थोडं.

शेडवरच्या बाईनं जबानीत सांगितलं ते मी ऐकलंय.
मुठीएवढी पिल्लं यायची, हिच्या अंगावर झोपायची.
पंचेचाळीस दिवसांनी रात्री ट्रक.
मग चुना, औषधाची फवारणी,
पंधरा दिवस नुसता पंखा.
मग पुन्हा पिल्लं, हुबेहूब तीच.
वर्षाला सहा खेपा. पाच वर्षं तरी.
पुढचा हिशेब मी केला नाही.

सव्वाआठला शाळेची गाडी येते
आणि रेखा पलंगाखाली जाते.
तिचं तोंड उघडं असतं, आवाज नसतो.
साडेपाचला गाडी परत येते
तेव्हाही ती पलंगाखालीच.

गेल्या बुधवारी मात्र पायरीवर उभी होती.
उतरणाऱ्या एकेकाच्या डोक्याला हात लावत गेली.
ओंकार ओरडला, केस विस्कटतीय माझे!
अठरा गेली होती, सतरा उतरली.
निखतला ताप भरला म्हणून बाईंनी
शाळेतूनच दवाखान्यात नेलं होतं.
हिला ते कोण सांगणार, आणि कशात?
ती गाडीत चढली.
एकेका सीटखाली वाकली.
मग मागच्या बाकावर बसली ती उतरेना.

मोजायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ड्रायव्हर कोळेकर किल्ली खिशात टाकून
पायरीवर बिडी ओढत राहिला, घरी गेला नाही.
पावणेआठला रिक्षातून निखत आली, शालीत गुंडाळलेली.
रेखानं तिच्या तापल्या डोक्यावर हात ठेवला
आणि गळ्यातून एक आवाज काढला,
बारीक, घरघरता, पंखाखाली घेतल्यासारखा.

मॅडमच्या तक्त्यात त्या आवाजाला रकाना नाही.

सकाळी हरिपूरच्या बसमध्ये
मी तो हळूच काढून बघितला.
जमला नाही नीट.
शेजारची बाई पिशवी घेऊन सरकून बसली.